चुन्याचे पाच हात

१

जावातल्या मागेलांग शहराच्या डोळ्यांच्या जुन्या इस्पितळात लारासचा दिवस भिंतीसमोर बसून जायचा. सकाळी आठला ती कुलूप काढी, आतल्या लांब बोळात चटई टाकी, केस फडक्यात बांधी आणि शस्त्रक्रियेला वापरतात तसल्या बारीक पात्याने भिंतीचा रंग खरवडायला लागे. सगळा नाही, तळहाताएवढी एकेक चौकट. एका पट्टीत वरचा थर तसाच ठेवायचा, शेजारच्या पट्टीत त्याखालचा उघडा करायचा, त्यापुढे त्याच्याही खालचा. काम संपलं की भिंतीत रंगांचा एक छोटा जिना उतरलेला दिसे.

पाच थर होते. सगळ्यात वर जमीन कचेरीचा सायीच्या रंगाचा प्लास्टिक पेंट. त्याखाली तंबाखूच्या गोदामाच्या काळातला निळा ऑइलपेंट. मग पांढरा, मग हिरवा, आणि तळाशी डच डॉक्टरांच्या वेळचा पिवळसर चुना. कचेरीही चौदा वर्षांपूर्वी दुसरीकडे गेली. आता तिथे वाचनालय व्हायचं होतं, आणि जुन्या इमारतींच्या जतनाचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या लारासला जोगजाच्या विद्यापीठाने या इमारतीच्या भिंती प्रबंधासाठी दिल्या होत्या. तिच्या वर्गातल्या दामारला छप्पर मिळालं होतं. तो दिवसभर वाशांवर बसून खाली धूळ पाडी आणि वरून गाणी म्हणे.

बोळ जिथे संपे तिथे एक खोली होती. उत्तरेकडे मोठी खिडकी, स्वच्छ उजेड. लारासने आपलं टेबल तिथेच मांडलं होतं. मूळ नकाशावर त्या खोलीचं नाव लिहिलेलं होतं, 'पट्ट्या सोडण्याची खोली'. ऑपरेशननंतर रोग्यांना बोळातून चालवत तिथे आणत असावेत, एवढं तिने वहीत टिपून ठेवलं.

नवव्या चौकटीत तिला हिरव्या थरात एक भोक दिसलं. रंग उडालेला नव्हता. उडालेल्या रंगाच्या कडा फाटक्या असतात. इथे कडा गुळगुळीत होत्या. त्या जागी हिरवा रंग मुळात लागलाच नव्हता, खालचा पिवळा चुना सरळ दिसत होता. तिने चौकट वाढवली. भोक लांबट होतं. शेजारी दुसरं निघालं, मग तिसरं. दुपारच्या बांगेपर्यंत तिने सगळं मोकळं केलं, आणि मागे सरकून पाहिलं.

भिंतीवर टेकलेला एक उजवा हात होता. करंगळीशेजारचं बोट पेरभर आखूड.

२

"रंगाऱ्याचा असणार," दामार सोयाबीनच्या तेंपेचा तुकडा तोंडात टाकत म्हणाला. दोघं अंगणात डबा खात बसली होती. "तोल गेला, भिंतीला हात टेकला."

"ओल्या रंगावर हात टेकला तर ठसा उमटतो. रंग फासला जातो. इथे रंगच नाहीये."

"मग सुकलेल्या भिंतीवर टेकला, आणि दुसऱ्याने वरून ब्रश मारला."

"हातावरून?"

"आमच्याकडचे रंगारी माहीत नाहीत तुला. मांजर बसलं असेल तर मांजरावरून मारतील." तो हसला. मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "अगं, डोळ्यांचं इस्पितळ आहे. लोक भिंती चाचपतच चालणार. हाताच्या खुणा नाही सापडणार तर काय पायांच्या सापडणार?"

हे पटण्यासारखं होतं आणि लारासला पटलंही. तिने फोटो काढले, जमिनीपासूनची उंची मोजली: एकशे बारा सेंटिमीटर. डोळ्यांवर पट्टी असलेला माणूस हात ठेवील तेवढीच.

दोन दिवसांनी पांढऱ्या थरात तसाच हात निघाला. तीच उंची. तेच बोट आखूड. जागा मात्र खोलीच्या दिशेने एक पाऊल पुढे.

हिरवा रंग इस्पितळाचा होता. पांढरा मात्र इस्पितळ बंद झाल्यानंतरचा. तेव्हा तिथे रोगी नव्हते, भाताची पोती होती. लारासने वही मिटली आणि चुनेवाल्या वागिमिनला गाठलं. हा सत्तरीचा कारागीर मागच्या अंगणात हौदात चुना भिजवून बसला होता. खरवडणं संपल्यावर भिंतींना चुना द्यायचं काम त्याचं होतं. या इमारतीला त्याच्या बापाने आणि आजाने रंग दिला होता हे तो अभिमानाने सांगे.

"बापाक, तुमच्या घरात कोणाचं बोट आखूड होतं का? वडलांचं, आजोबांचं?" तिने वडीलधाऱ्यांना मारतात ती आदराची हाक मारून विचारलं.

वागिमिनने आपले दोन्ही पंजे तिच्यापुढे पसरले. चुन्याने भेगाळलेले, पण पुरे. "मोजून घ्या, म्बाक," तो ताई म्हणावं तसं म्हणाला. "बापाची दहा होती, आजाचीही दहा. का हो?"

तिने त्याला बोळात नेऊन दाखवलं. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. हात लावला नाही. मग सरळ झाला आणि डोक्यावरची टोपी काढून पुन्हा नीट घातली.

"बापाने सांगितलं होतं," तो म्हणाला, "की या बोळात एक जागा रंग घेत नाही. कितीदा मारा, घेत नाही. मला वाटायचं ओल असेल."

३

आता लारास चौकटी काढण्यासाठी खरवडत नव्हती, शोधण्यासाठी खरवडत होती. स्वतःला मात्र ती प्रबंधाचं काम म्हणूनच सांगे. तळाच्या चुन्यात हात मिळाला, हिरव्याच्या अलीकडे. निळ्यात मिळाला, पांढऱ्याच्या पलीकडे. दर दोन हातांमधलं अंतर अठ्ठावन्न सेंटिमीटर, एक-दोन इकडे-तिकडे. तिने बोळात डोळे मिटून, भिंतीला हात लावून चालून पाहिलं आणि आपली पावलं मोजली. न दिसणारा माणूस पाऊल जपून टाकतो. अठ्ठावन्न.

राहिला सगळ्यात वरचा, जमीन कचेरीचा रंग. त्यात काही असतं तर खरवडायची गरजच नव्हती, येताजाता दिसलं असतं. निळ्यातल्या हातापासून तिने टेप पुढे लावली, आणि टेप एका सूचनाफलकाखाली गेली. लाकडी फलक, अजून कागदांच्या टाचण्या लागलेल्या. सूचनाफलक माणसं डोळ्यांच्या उंचीवर लावतात. हा कमरेच्या जरा वर ठोकला होता, आणि साध्या फलकाला बावीस खिळे होते.

दामारने पटाशीने तो उपटला. फलकामागे सायीच्या रंगात निळा हात होता.

"म्हणजे कचेरीतल्या कोणीतरी पाहिलं होतं," लारास म्हणाली.

"आणि झाकलं." दामारने पटाशी खाली ठेवली. "लारास, माझं छपराचं मोजमाप झालंय. मी उद्या जोगजाला चाललोय. तूही चल ना. लिहिण्यापुरतं तुझ्याकडे पुष्कळ आहे."

"पुढच्या आठवड्यात चुना लागायचाय. तो बघून मग येते."

एवढं म्हटलं, आणि आपण काय म्हणालो ते तिच्या ध्यानात आलं. शेवटच्या हातापासून खोलीच्या दारापर्यंत तिने टेप धरली. दोन पावलं. प्रत्येक रंगाला एक पाऊल, असं आजवर चाललं होतं. दोन रंगांमध्ये दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं गेली होती. पण चुना एका हातात होत नाही. पातळ चुन्याचे एकावर एक पाच हात द्यावे लागतात, रोज एक. हे तिनेच अहवालात लिहिलं होतं, दोनदा अधोरेखित करून: 'प्लास्टिक रंगाने भिंतीचा श्वास कोंडला आहे. तो काढून चुन्याचे पाच हात द्यावेत.'

४

इबू हर्तिनी, म्हणजे हर्तिनीबाई, तिच्या मार्गदर्शक. चाळीस वर्षं इमारती वाचवण्यात घालवलेली बाई. फोनवरही त्यांचा आवाज फळ्यासमोर उभं राहिल्यासारखा येई.

"हाताच्या खुणा ठेवायच्या म्हणतेस? उत्तम. भिंतीचा तेवढा भाग काचेखाली ठेवू. पण चुना थांबवायचा? का?"

"इबू, मला वाटतं त्या खुणा... सरकतायत."

"जेवतेस ना वेळेवर?"

"जेवते."

"हे बघ. तू तीन महिने एकटी एका भिंतीकडे बघत बसलीयेस. मलाही व्हायचं असं. एकदा तर मी एका देवळातल्या खांबांशी बोलायला लागले होते. तुझ्या मोजमापावर माझा विश्वास आहे, पण त्याचा अर्थ तू लावतेस तो मला तोंडी परीक्षेत मांडता येणार नाही. तुलाही नाही. भिंत आतून कुजतेय हे तूच सिद्ध केलंयस. पावसाआधी चुना लागला नाही तर ती पडेल."

भिंत खरंच कुजत होती. खुणांपुरत्या काचा बसवायचं ठरलं, बाकी बोळ आणि ती खोली चुन्याला मोकळी झाली. प्लास्टिक रंग आणि त्याखालचा ऑइलपेंट उतरवला गेला. लारासने आपलं टेबल खोलीतून हलवून पार पुढच्या ओसरीत नेलं. का हलवलं ते तिने वहीत लिहिलं नाही.

पहिला हात वागिमिनने सकाळी नऊला दिला. चुना लावताना पाण्यासारखा असतो. भिंत फक्त ओली, करडी दिसते. मग सुकत जाते तशी पांढरी उमलते. दोघं बोळाच्या टोकाला स्टुलांवर बसून ते उमलणं बघत राहिली. अकराला वरची भिंत पांढरी झाली. बाराला खालची. दारापासून एक पाऊल अलीकडे, एकशे बारा सेंटिमीटरवर, एक करडी जागा राहिली. बोटं वेगळी दिसत होती.

लारास उठून उभी राहिली. "बापाक, थांबवू या. आत्ताच. मी लिहून देते की चुना खराब निघाला."

"माझा चुना?" वागिमिन दुखावून म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. "बसा, म्बाक. माझ्या बायकोच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. पट्टी अकरा दिवस. रोज सकाळी विचारायची, आज सोडणार का? मी म्हणायचो, उद्या. दवाखाना लांब, पुलावरून पाणी चाललेलं. अकरा दिवस ती घरातल्या घरात भिंत धरून चालली. मी घरी आलो की आवाजाच्या दिशेला तोंड करायची आणि विचारायची, आज?"

त्याने ब्रश पाण्यात बुडवून झटकला.

"इथं कोणीतरी दारापासून एका पावलावर उभं आहे. माझ्या आजाच्या वेळेपासून. आणि तुम्ही म्हणता थांबवा."

"कोण आहे ते आपल्याला माहीत नाही."

"नाही," तो म्हणाला. "तेही खरंच."

५

दुसऱ्या हाताला करडी जागा दाराच्या चौकटीलगत आली. अंगठा चौकटीच्या लाकडावर गेलेला होता, आणि तिथे लाकूड घामेजल्यासारखं दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी बोळ टोकापासून टोकापर्यंत शुभ्र झाला. काचांखालचे तुकडे सोडले तर एक डागही नाही. लारासने तो दारातूनच पाहिला आणि मग मान वळवून आत, खोलीच्या उजव्या भिंतीकडे बघितलं. करडी जागा तिथे होती. चौथ्या दिवशी खिडकीच्या जवळ.

त्या चार दिवसांत ती पळून का गेली नाही, हे तिला पुढे बऱ्याच जणांनी विचारलं. ती सांगे की काम अर्धं टाकून जाता येत नव्हतं. ते खरं होतं. पण याहून खरं असं होतं की दुसरीकडे कुठे जाऊन त्या भिंतीचा विचार करणं तिला अधिक अवघड वाटत होतं. इथे निदान तो हात कुठे आहे ते रोज दिसत होतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी वागिमिनने कोठीतून एक जुनी वेताची खुर्ची काढली, धुतली, आणि खिडकीपाशी ठेवली, करड्या जागेच्या पुढे बरोबर एका पावलावर.

पाचवा हात त्याने सकाळी लवकर दिला. ऊन कडक होतं. रस्त्यावर शाळेतली मुलं कवायत करत होती, मास्तरांची शिट्टी ऐकू येत होती. साडेदहाला खोलीची भिंत उजळायला लागली. लारास बोळात, दारापासून पंधरा पावलांवर उभी होती. त्याहून पुढे जायचं तिने नाकारलं होतं. उघड्या दारातून तिला खिडकी, खुर्ची आणि तिच्यामागची भिंत दिसत होती. करडं आक्रसत गेलं. कोपरे पांढरे झाले. खिडकीखालचं पांढरं झालं. अकराच्या सुमाराला ती सगळी भिंत कोरी, स्वच्छ, पांढरी झाली.

हात कुठेच नव्हता.

लारासने श्वास सोडला. झालं, तिला वाटलं, काही नव्हतंच; ओल होती, ओल सरकते, सुकते. पाच चांगल्या चुन्याच्या हातांनी भिंतीचा रोग गेला. ती हे सगळं एका वाक्यात कसं लिहावं याचा विचार करत होती, तेवढ्यात वेताची खुर्ची करकरली. कोणी जपून बसावं, मग पाठ टेकावी, तशी दोनदा.

खुर्ची रिकामी होती.

वागिमिन खोलीच्या दाराशी उभा होता. त्याने चपला काढल्या. लुंगीला हात पुसले. मग आत जाऊन, मोठ्या माणसांशी बोलायच्या जुन्या आदराच्या जावानी भाषेत, हळू म्हणाला, "वेळ झाला, माफ करा. डोळे मिटलेलेच ठेवा. मी सांगेन तेव्हा उघडा."

त्याने खुर्चीमागे हात उचलले. बसलेल्या माणसाचं डोकं जिथे येईल तिथे ते थांबले, काहीतरी चाचपलं, एक गाठ सुटावी तशी बोटं हलली. आणि मग हात फिरायला लागले. पुढून मागे, मागून पुढे. एक हात सोडत होता, दुसरा गोळा करत होता. काहीही दिसत नव्हतं. पण त्याचा डावा हात हळूहळू उघडत चालला होता, त्यात काहीतरी वाढत असल्यासारखा. लारास वेढे मोजत होती. तिला थांबता येत नव्हतं. चाळीस. साठ. इतकी लांब पट्टी कोणी कोणाला बांधत नाही. बाहेर शिट्टी वाजली, मुलांचे पाय आपटले. नव्वद. वागिमिनच्या कपाळावरून घाम गळत होता.

मग हात थांबले. तो वळसा घालून खुर्चीच्या पुढे आला, दाराकडे पाठ न करता, बाजूला. वाकला.

"आता उघडा," तो म्हणाला.

लारासला खुर्ची दिसत होती, आणि वागिमिनचा चेहरा. तो चेहरा तिने पुढे कोणालाच नीट सांगितला नाही. तो घाबरलेला नव्हता. आधी तो हसला, बायकोच्या पट्टीखालचे डोळे उघडताना हसला असेल तसा. मग हसू तसंच राहिलं आणि त्याच्या मागचं सगळं निघून गेलं. तो हळूच, खुर्चीकडे न बघता, मान वळवून दाराकडे बघायला लागला. बोळाकडे. तिच्याकडे.

"म्बाक," तो म्हणाला, "बाहेर जा."

ती गेली.

६

वाचनालय ठरल्या तारखेला उघडलं. बोळ इतका पांढरा होता की लोक त्यात उभं राहून फोटो काढत. खुणांवरच्या काचांपाशी मुलं आपले पंजे लावून बघत. पुढच्या पावसात भिंतीला ओल आली नाही. लारासची तोंडी परीक्षा दीड तास चालली. हातांबद्दल एकाने विचारलं, तिने मोजमाप सांगितलं, अर्थ सांगितला नाही. इबू हर्तिनींनी टेबलाखालून तिचा हात दाबला. ती उत्तीर्ण झाली.

वागिमिन त्या दिवसापासून कामाला गेला नव्हता. गुडघे गेले, असं त्याने मुकादमाला सांगितलं होतं. लारास प्रबंधाची एक प्रत आणि केळीच्या पानातली मिठाई घेऊन त्याच्या गावी गेली. सकाळची वेळ होती. तो घराच्या पुढच्या खोलीत, दाराकडे तोंड करून बसला होता. ती समोर बसली, दाराकडे पाठ करून. त्याने प्रत उलगडली, आपलं नाव कुठे छापलंय ते तिला दाखवायला सांगितलं, त्यावरून बोट फिरवलं. गोड चहा आला. दोघं बराच वेळ चुन्याबद्दल बोलली.

"बापाक," शेवटी तिने विचारलंच. "तुम्ही काय पाहिलं?"

"मी विशेष काही नाही पाहिलं." त्याने पेला खाली ठेवला. "मला वाटलं होतं, इतकी वर्षं अंधारात काढली, तर ज्याने पट्टी सोडली त्याच्याकडे बघतील आधी. माणूस तसंच करतो. माझ्या बायकोने तसंच केलं होतं."

"आणि?"

"डोळे उघडले ते सरळ दाराकडे. माझ्याकडे बघितलंच नाही. तुम्ही उभ्या होतात ना तिथे, बोळात."

"माझ्याकडे?"

"तुम्हीच शोधून काढलंत त्यांना. ओळख असणार."

"किती वेळ बघत होते?"

वागिमिन तिच्याकडे बघत नव्हता. त्याची नजर तिच्या डाव्या खांद्याच्या जरा वर, उघड्या दाराकडे लागली होती, आणि चेहऱ्यावर त्या खोलीतलं हसू येऊन थांबलं होतं.

"अजून बघतायत," तो म्हणाला.

आणि दारात आलेल्या पाहुण्याला करतात तशी त्याने किंचित मान झुकवली.